बाबांची दुनाळी माझ्या नावावर झाली, त्याची गोष्ट

बाबा गेले 2022च्या आषाढात. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील घरी आले. म्हणाले, "माय, बंदूक ठाण्यात जमा करून टाका. परवाना तुमच्या बाबाच्या नावाचा होता, आता घरात ठेवणं बरं नाही." बरोबरच होतं. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावं लागतं. मी ती गोधडीत गुंडाळून नेली, पावती घेतली आणि बसस्टँडवर येऊन पहिल्यांदा मोकळी रडले.

आमचं गाव वऱ्हाडात, जंगलाच्या कडेला. सोयाबीन शेंगेवर आलं की रानडुकरं, तूर फुलली की रोही, म्हणजे नीलगाई. धुऱ्याला साड्या बांधून झाल्या, कुंपणाच्या तारेत विजेचा हलका झटका सोडणारी झटका मशीन लावून झाली. बाबांनी 1981 साली पीक संरक्षणासाठी परवाना काढला होता. इछापूरच्या सरकारी कारखान्यातली बाराबोर दुनाळी. एक रत्तल (पौंड) शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या तर एकेक जेवढी जाड भरेल, तेवढं नळीचं भोक, म्हणून बाराबोर. साधारण साडेअठरा मिलिमीटर. दोन नळ्या, दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. डावी नळी तोंडाशी जराशी आवळ, त्यामुळे तिचा छर्रा, म्हणजे काडतुसातल्या बारीक गोळ्या, लांबवर एकत्र राहतो. हे मला बाबांनी वावरातल्या माळ्यावर रात्रीची जागल (राखण) करताना शिकवलं, मी तेव्हा दहावीत होते. बहुतेक रात्री ते गोळी झाडतच नसत, टॉर्च आणि डबा वाजवणं एवढ्यावरच कळप पळायचा.

भावाला बंदूक नको होती, तो पुण्यात असतो. वावर मी करते, म्हणून अर्ज मी केला. 2016च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे. परवानाधारक वारल्यावर तर मिळतोच, पण त्याचं वय 70 झालं किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे राहिलं, तरी त्याच्या हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. हे आधी माहीत असतं तर बाबांच्या डोळ्यांसमोर काम झालं असतं. ज्यांच्या घरी म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर बंदूक आहे, त्यांनी थांबू नये, एवढं कळकळीनं सांगते.

कागद खूप लागले. मृत्यूचा दाखला, आई आणि भावाचं स्टॅम्पपेपरवर संमतीपत्र, सातबारा, आठ-अ, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित कशी ठेवणार त्याचं हमीपत्र, प्रशिक्षणाचा दाखला. मग ठाणेदारांची चौकशी, तहसीलचा अहवाल, आणि शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी फाईल. तिथल्या खिडकीवरच्या बाबूंनी फाईल उघडण्याआधीच विचारलं, "काहून बाई, घरात माणूस नाही का कोनी?" मी म्हटलं, "वावर माह्या नावावर आहे साहेब. डुक्कर बाई-माणूस पाहून येत नाही." पुढं ते काही बोलले नाहीत, पण फाईल चार महिने हलली नाही.

अडचण निघाली ती नंबरात. जुन्या परवाना पुस्तकात बंदुकीचा एक आकडा 3 लिहिलेला, संगणकावर युनिक आयडी चढवताना तोच 8 झालेला. आकडा जुळल्याशिवाय काही पुढं सरकत नाही. मला ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा वस्तू ठेवतात त्या खोलीत, बोलावलं. दुनाळी तिथं सुतळीनं बांधून, चिठ्ठी लावून भिंतीला टेकवलेली. नळीवर लालसर गंज चढला होता, माझ्या पोटात कालवलं. हवालदार दादा भले माणूस. त्यांनी चिंधी रॉकेलमध्ये भिजवून नळीच्या मुळाशी घासली, मग खडू घेऊन आकड्यांवर आडवा फिरवला आणि बोटानं पुसला. खोलगट रेघांत पांढरं भरलं आणि आकडा उमटला: 3. आम्ही दोघांनी खिडकीच्या उजेडात तीनदा वाचला. तो पंचनामा गेल्यावर फाईलला पाय फुटले.

प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, आमच्याच भागातले. त्यांनी आधी इछापूरचीच .315 रायफल दाखवली. हत्यार देखणं आणि नेमही सुरेख, पण माझ्या मते वावरात तिचं काम नाही. तिची गोळी कोसावर जाते, आणि शेजारच्या वावरात कोणी ना कोणी जागलीला असतंच. छर्रा काही शे मीटरमध्ये जमिनीवर येतो. माझी पसंती दुनाळीलाच, हे तिथं आणखी पक्कं झालं.

तिथंच एक मुलगी दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करत होती. तिच्या स्विस पिस्तुलाचा चाप बॅटरीवर चालायचा, गोळी मात्र हवेच्या दाबानंच सुटायची. सरांना विचारलं, बारुदाच्या बंदुकीत असं असतं का? ते खुलले. म्हणाले, आपल्या दुनाळीत चाप ओढला की घोडा सुटतो, पिन काडतुसाच्या टोपीवर आपटते, टोपी पेटते, मग बारूद. या आपटण्यात दोन-तीन मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात हात हलू शकतो. लढाऊ विमानांच्या 20 मिलिमीटर तोफांमध्ये टोपी विजेनं पेटवण्याची पद्धत जुनीच आहे. 1991 साली ऑस्ट्रियात व्होएरे कंपनीनं विजेवर चालणारी रायफल काढली. 2000 साली अमेरिकेत रेमिंग्टननं इट्रॉनएक्स आणली. दस्त्यात (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागात) 9 व्होल्टची बॅटरी, पिन हलतच नाही, चाप दाबला की वीज सरळ टोपीत. ती काही वर्षांतच बंद पडली, कारण टोपी वेगळी लागायची आणि ती सहज मिळायची नाही.

मला हे लगेच पटलं, कारण माझे दीर वणीकडच्या कोळसा खाणीत सुरुंगाच्या कामावर आहेत. तिथं तर आता सुरुंग पेटवणाऱ्या प्रत्येक डिटोनेटरमध्ये चिप असते, कोणता किती मिलिसेकंदांनी फुटायचा ते आधी ठरवून देता येतं. खाणीत ते चालतं, कारण सामान तिथं पोचवलं जातं. आमच्या गावात श्रावणात दोन-दोन दिवस लाईट नसते आणि 9 व्होल्टच्या बॅटरीसाठी तालुक्याला जावं लागतं. माळ्यावर पाऊस लागत असताना मला लोखंडी पिनेवरच भरवसा वाटतो.

एका गोष्टीसाठी मात्र मला ही इलेक्ट्रॉनिक बंदूक हवीशी वाटली. 2023मध्ये अमेरिकेतल्या बायोफायर कंपनीनं पिस्तूल जाहीर केलं, ते मालकाचं बोट किंवा चेहरा ओळखल्याशिवाय झाडतच नाही. हे ऐकलं आणि मी सहा वर्षांची असतानाची दुपार आठवली. बाबा माळ्यावर झोपले होते, मी खुंटीवरची दुनाळी उतरवली आणि दोन्ही चापांवर बोटं ठेवून बसले. नळ्या रिकाम्या होत्या. पण ते मला माहीत नव्हतं. बाबांनी जागे होऊन ज्या आवाजात माझं नाव घेतलं, तो आवाज मी परत कधी ऐकला नाही. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. शेतकऱ्याच्या साध्या दुनाळीला परवडेल असं कुलूप कोणी बनवलं, तर मी पहिली घेईन.

परवाना हातात पडायला 14 महिने लागले. मुदत 5 वर्षं. मालखान्यातून दुनाळी आणली, सहा दिवस तेल आणि चिंधी करून गंज काढला. आता ती नळी-दस्ता वेगळं करून लोखंडी कपाटात असते, काडतुसं दुसऱ्या पेटीत, दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात. खुंटीवर जागलीचा टॉर्च टांगलाय.

परवाना आहे म्हणून जनावर मारता येत नाही, त्याला वनविभागाची परवानगी वेगळी लागते. परवा रात्री डुकरं झटक्याच्या तारेखालून माती उकरून आत शिरली, दोन एकर तूर आडवी आहे. सोमवारी रेंजर साहेबांकडे अर्ज दिलाय. उद्या पंचनाम्याला वनरक्षक येणार आहेत.