मृत समुद्राचा खळगा: नववा थर पुन्हा कापला

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं होतं की मृत समुद्राचं पुठ्ठ्याच्या थरांचं मॉडेल गोंद लावण्याच्या टप्प्यावर आलंय. तसं झालं नाही. नववा थर उचकटून काढावा लागला.

नव्यांसाठी थोडक्यात: आडवं प्रमाण १ : २,५०,०००, आणि एक मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे ५० मीटर. उंची पाच पट ताणलीय. वरचा पुठ्ठा समुद्रसपाटीला सुरू होतो आणि तिथून सगळं खालीच जातं. शून्याची रेषा उत्तरेला गालील समुद्राच्याही पलीकडे जाते, तेवढा पसारा घेतलेला नाही. पाण्याखालचा तळ उणे ७३० मीटरच्या आसपास, म्हणजे एकूण पंधरा थर.

चूक अशी झाली. नवव्या थरात येणारा किनारा मी एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या) माहितीवरून आखला. ते रडार-मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं, म्हणून पाण्याची पातळीही तेव्हाचीच. आणि चिठ्ठी लावली आजच्या आकड्याची, साधारण उणे ४४०! जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवलं जातं, दक्षिणेकडे खनिजांसाठी पाणी आटवतात, त्यामुळे पातळी वर्षाला साधारण एक मीटर उतरते. २००० पासून वीस मीटरहून जास्त उतरलीय. जमिनीवरचं सर्वांत खोल ठिकाण म्हणजे हाच किनारा, आणि तो जागचा हलतोय. माझं मत पक्कं झालंय: या आकड्याशेजारी वर्ष लिहिलंच पाहिजे.

उपाय सापडला. पुठ्ठ्याऐवजी अर्ध्या मिलिमीटरची दोन कार्डं घेतली. वरचं २००० च्या किनाऱ्यावर कापलं, खालचं आजच्या. दोन्हींच्या मधे जी पट्टी उघडी राहते ती पाण्याने सोडलेली जमीन. पूर्वेला कडा इतका उभा आहे की पट्टी केसाएवढी, ब्लेड दोनदा घसरलं. लिसान द्वीपकल्पाजवळ मात्र ती चांगली रुंद होते. तिला मी फिकट पांढरा रंग दिला, कारण तिथे मीठ उरतं. जमिनीखालचं मीठ गोड्या भूजलात विरघळलं की वरची माती खचते आणि विवरं पडतात. सुईने तेवढी टोचून दाखवली.

हा खळगा समुद्रापेक्षा खाली आहे हे १८३७ मध्ये मूर आणि बेक या दोन प्रवाशांनी पाणी उकळून ओळखलं, हे मला फार आवडतं. तिथे हवेचा दाब जास्त, म्हणून पाणी शंभरच्या वर, आजच्या किनाऱ्यावर सुमारे १०१.४ अंशांना उकळतं.

पुढचं काय? इजिप्तचा कत्तारा खळगा मनात होता, पण याच प्रमाणात तो सव्वा मीटर लांब होईल आणि खोली उणे १३३, म्हणजे तीन थरसुद्धा नाहीत. वाऱ्याने आणि मिठाने कोरलेली ती परात आहे, तिला वेगळं प्रमाण लागेल. त्याऐवजी जिबूतीचं असाल सरोवर घेतोय. उणे १५५ मीटर, आणि मॉडेलमध्ये तळहातावर मावेल एवढं. त्याच्या आणि समुद्राच्या मधे ज्वालामुखीच्या खडकाची जेमतेम दहा-बारा किलोमीटरची भिंत आहे, तिच्या भेगांतून समुद्राचं पाणी आत झिरपतं. त्या भिंतीसाठी काळा पुठ्ठा आणलाय. भेगा कोरायला पुठ्ठा बरा की कॉर्क, ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा.