आखाजीचा आवा

चैत्री अमावस्या, रात्र

आवा, म्हणजे मडकी भाजायची आमची भट्टी, पेटला एकदाचा. खाली गोवऱ्या आणि पऱ्हाट्या, त्यावर पालथ्या घागरी, मधल्या फटींत बोळकी, वर पुन्हा गोवऱ्या, पाचट, फुटकी खापरं आणि राख. रचायचं ह्यांनी, एकेक भांडं हातात द्यायचं मी. कुठल्या घागरीच्या पोटात अजून ओल आहे ते मला हात लावल्यावर कळतं. तशा चार-पाच बाजूला काढायला लावल्या. ओली घागर आव्यात तडकते आणि शेजारचीलाही घेऊन जाते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली. पितरांच्या नावाने भरायला खानदेशात घरोघरी नवी घागर लागते. वर्षातलं आमचं मोठं काम हेच.

चाकावर घागर पुरी होत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. चाकावरून उतरते तेव्हा ती बसकी आणि जाड बुडाची असते, गळा आणि काठ तेवढा पक्का. सावलीत जरा सुकली की आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत जायचं. थोडं थापटायचं, सुकू द्यायचं, परत थापटायचं. हळूहळू पोट फुगतं, भिंत पातळ होते. गोटा आणि थापटणं समोरासमोर आले नाहीत तर घागर फाटलीच. मातीत मळलेली लीद आव्यात जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं गार राहतं.

माती तुडवणं, लीद चाळणं, थापटणं, गेरू देणं माझ्याकडे. चाक ह्यांचं. आमच्यात बाईने चाकाला हात लावायचा नाही. सासूबाईंनी जन्मात लावला नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ मध्ये कुंभारांना विजेची चाकं द्यायची योजना काढली. पुढे आमच्याकडेही तसं चाक आलं आणि काठीने फिरवायचं जड चाक कोपऱ्यात गेलं. तेव्हा हेच म्हणाले, "बस गं, पणतीपासून सुरू कर." सासूबाई बघत राहिल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. आता बोळकी सगळी माझी. घागरीचा गळा अजून ह्यांच्यासारखा येत नाही. येईस्तोवर मी सोडणार नाही.

परवा बाजारात एका गिऱ्हाइकाने घागर वाजवून पाहिली आणि ह्यांना म्हणालं, "हात चांगला आहे तुमचा." हे लगेच म्हणाले, "गळा माझा, पोट तिचं." चारचौघांत म्हणाले. मला किती बरं वाटलं ते इथेच लिहून ठेवते.

उद्या दुपारी आवा उघडायचा. वरच्या थरातली मांडे भाजायची खापरं आधी निघतील, त्यांतलं एक बहिणीसाठी ठेवायचं आहे.