एकशे साठ दाणे

जुलै 2000 मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात रात्री नऊच्या आत जेवणं उरकायला लागली. कार्यक्रम संपला की आमचा खेळ सुरू व्हायचा. बाबा अमिताभ, हॉट सीट म्हणजे ओट्याजवळचं स्टूल, आणि बक्षिसाला शेंगदाणे. एक दाणा म्हणजे हजार रुपये.

तेव्हाची शिडी मला अजून पाठ आहे: एक, दोन, तीन, पाच, दहा. मग वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस. पाचव्या प्रश्नाला दहा हजारांचा पडाव, म्हणजे पुढे चुकलं तरी तेवढे हातात राहायचे; दहाव्याला तीन लाख वीस हजारांचा. पंधरावा प्रश्न कोटीचा. आमच्या हिशेबात तो दहा हजार दाण्यांचा, म्हणजे पाचेक किलोंचा. एवढे दाणे घरात कधीच नसायचे, त्यामुळे आमच्याकडे करोडपती कोणी होणार नव्हतंच. आता तिकडे बक्षीस सात कोटींवर गेलंय. सत्तर हजार दाणे! सियागंजच्या घाऊक बाजारातून पोतीच आणावी लागली असती.

लाइफलाइन तिन्ही होत्या. फोन अ फ्रेंड म्हणजे गॅलरीतून शेजारच्या काकांना हाक. तीस सेकंदांत ते बनियनवर बाहेर यायचे आणि उलट आम्हालाच ऑप्शन विचारत बसायचे. ऑडियन्स पोल मात्र निव्वळ नावाचा. आजी ज्या बाजूला, त्या बाजूला आई. झाला पोल.

एके रात्री मी एकशे साठवर होतो. परातीत माझे दाणे, आजीने दुपारी भाजून सोलून ठेवलेले. लाइफलाइन एकही उरली नव्हती. बाबांनी आवाज खोल नेऊन विचारलं, "अहिल्याबाईंनी आपली राजधानी कुठे केली? इंदूर, उज्जैन, धार की महेश्वर?"

मी रोज राजवाड्यावरून शाळेत जाणारा मुलगा. गावात पुतळा त्यांचा, विद्यापीठाला नाव त्यांचं. दुसरं उत्तर असेलच कसं?

"ऊठ रे," आजी म्हणाली. "एकशे साठ काय कमी आहेत? घे आणि ऊठ."

खेळ सोडायची मुभा होती, आणि सोडलं तर सगळे दाणे माझे. टीव्हीवर कोणी असं उठलं की मला त्याचा राग यायचा. आजीला तोच माणूस शहाणा वाटायचा.

"इंदूर. लॉक."

"महेश्वर," बाबा साध्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी परात पुढे ओढली आणि एकेक दाणा मोजत दीडशे दाणे डब्यात टाकले. टीव्हीवर आकडा एका क्षणात खाली येतो. इथे प्रत्येक दाण्याचा टण् आवाज, आणि दीडशे वेळा तो मला ऐकावा लागला. माझ्याकडे दहा उरले. तेही दोन घासांत संपले.

त्याच ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे कोटी जिंकला. पहिला करोडपती, तोही मराठी! आईने शेजारी पेढे वाटले, जणू आमच्याच घरचा पोरगा. आजीने फक्त विचारलं, "तो उठला नाही का मधे?"

पण ते नंतर. माझ्या हरण्याच्या दुसऱ्याच दिवशी एकादशी होती. आजीने त्याच डब्यातल्या दाण्यांचं कूट करून साबुदाण्याची खिचडी केली आणि पहिली ताटली माझ्यासमोर सरकवली.

"घे. दीडशेच्या दीडशे आहेत यात. मोजून घे हवं तर."