व्हरांड्यातला दिवा आणि माझी बोंडअळी: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रकल्पाला मी गुलाबी बोंडअळी घेतली. दिवस लहान होऊ लागले की ही अळी कोषात जायचं टाळते आणि सरकीच्या दोन बिया एकमेकींना चिकटवून आत महिनोन्‌महिने सुप्त पडून राहते. मला हे दोन पेट्यांत पाहायचं होतं: एकीत 14 तास उजेड, दुसरीत 12. अळ्या, बोंडं, टायमर सगळं जमलं. अडलं व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटपाशी.

ती ट्यूब रात्रभर चालू आणि खोलीच्या दाराला वर काच. पेटीची हवेची छिद्रं बुजवली की बोंडांना बुरशी लागते, न बुजवावी तर उजेड आत. अळीसाठी खरी महत्त्वाची असते ती रात्रीची लांबी. मध्येच थोडा वेळ उजेड पडला तरी लांब रात्रीचा परिणाम पुसला जाऊ शकतो. कीटकशास्त्रज्ञ पेरी ॲडकिसन यांनी 1960 च्या दशकात टेक्सासमध्ये याच अळीवर ते दाखवून दिलं आहे.

मी अर्ज केला: रात्री दिवा बंद ठेवावा. शेरा आला, ‘सुरक्षेच्या कारणास्तव शक्य नाही.’ काचेला काळा कागद लावू का विचारलं, तर आतलं दिसलं पाहिजे म्हणून नकार. मग फाइल विद्युत विभागाकडे, तिथून सुरक्षेकडे, तिथून ‘खुलासा करावा’ म्हणून परत माझ्याकडे. तोवर आणलेल्या अळ्या मोठ्या होऊन वाया जात होत्या. माझा इतका संताप व्हायचा की ऑफिसच्या त्या खिडकीसमोर उभं राहणं नको वाटायचं. एका दिव्यासाठी एवढं कशाला, असं तिथे प्रत्येकानं विचारलं. प्रयोगच त्या दिव्यावर उभा होता, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

शेवटी रात्रपाळीच्या रखवालदारकाकांनी मार्ग सांगितला. अर्जात ‘दिवा बंद’ लिहू नका, ‘दिव्याची जागा बदलणे’ लिहा. ट्यूब जिन्याकडे सरकली आणि सही लगेच झाली. त्या रात्री खोलीत खरा काळोख पाहून फार हलकं वाटलं.

पुढे 14 तासांच्या पेटीत पतंग निघाले. 12 तासांच्या पेटीत बऱ्याच अळ्या तशाच राहिल्या. नखानं एक जोडबी उकललं तर आत रेशमी गोल आवरणात गुलाबी अळी वेटोळं करून, हलकेच हलत होती.

हा प्रयोग कराल तर पेटीतल्या दिव्याचा चोक पेटीबाहेर ठेवा, तापमान वाढलं की निकाल बदलतो. दोन्ही पेट्यांना सारखीच बोंडं द्या. पक्क्या सरकीतल्या तेलाचाही परिणाम होतो. आणि अर्ज जूनमध्येच द्या, म्हणजे कपाशीला बोंडं लागेपर्यंत उत्तर हातात असेल.