पलूसच्या टेकड्यांवरची गव्हाची सोंगणी : ट्रॉलीच्या ट्रॅक्टरमध्ये बसण्याआधी हे वाचा

फोटोंवर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात आणि त्याला लागून आयडाहोत पसरलेला पलूसचा टापू फोटोत अंथरलेल्या दुलईसारखा दिसतो. (नाव वाचून सांगलीकडचं पलूस आठवेल, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) मीही ते फोटो बघूनच गेलो. जाऊन आलेल्या दोघा-तिघांनी सांगितलं होतं, "गाडीतून फिरायचं, रस्त्याच्या कडेला उभं राहून हार्वेस्टर बघायचे, संध्याकाळी हॉटेलवर परत. एकदम आरामाची सहल." त्यांच्यापैकी एकानेही शेतात पाय ठेवला नव्हता, हे मला तिथे गेल्यावर उमगलं. पाय ठेवलेला माणूस आरामाची सहल म्हणणार नाही.

हे लिहितोय तेव्हा उतरून दोन दिवस झालेत, तरी पलंगावर आडवा झालो की अंग डावीकडे घसरल्यासारखं वाटतं.

पोहोचणं सोपं आहे. स्पोकॅनपर्यंत विमान, तिथून १९५ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेला. कोलफॅक्स गाव आधी लागतं, पुलमन त्याच्या पुढे, साधारण १२० किलोमीटरवर. राहायला पुलमन बरं. विद्यापीठाचं गाव असल्यामुळे खाण्यापिण्याची अडचण नाही. जायचं जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत. त्यातही मला विचाराल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा. हिरवळीचे जे फोटो तुम्ही पाहिलेत ते मे-जूनचे असतात. सोंगणीच्या वेळी सगळं पिवळं, तपकिरी आणि धुळीचं असतं. हिरवं बघायला जाणार असाल तर ऑगस्टात जाऊ नका आणि नंतर तक्रारही करू नका.

आता पैशांचं. पहिल्या दिवशी मी आणि माझ्या मित्राने माणशी ३५० डॉलर भरून एका टूरवाल्याची टूर घेतली. 'सोंगणी अगदी जवळून' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे एकाही शेतकऱ्याची परवानगी नव्हती. त्याने आम्हाला चार तास सार्वजनिक रस्त्यांवरून फिरवलं, चार ठिकाणी उतरवलं, आणि अर्ध्या किलोमीटरवर धुळीचा एक लोट दाखवून "तो बघा हार्वेस्टर" म्हणाला. ७०० डॉलर गेले. हेच सगळं गाडी आणि नकाशा घेऊन फुकट दिसतं. इथली जवळपास सगळी जमीन खासगी आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा : कोणत्या शेतात, आणि मालकाशी बोलणं झालंय का? उत्तर गोलगोल आलं तर फोन ठेवा.

आमचं काम झालं ते दुसऱ्या दिवशी, एक डॉलरही न देता. शेताच्या कडेला धान्याचे ट्रक उभे असतात. चालू हार्वेस्टरला हात करू नका, शेतात चालत जाऊ नका. ट्रकवाल्याशी बोला, तो रिकामा बसलेला असतो. आम्ही गेलो त्या ट्रकवर मालकाचा भाऊ होता. घरी शेती आहे, आमच्याकडेही गव्हाला हार्वेस्टर येतो, असं सांगितल्यावर त्याने वायरलेसवर मालकाला विचारलं. तासाभराने जेवणाच्या सुट्टीत मालक स्वतः खाली आला. पहिला प्रश्न, "तुमच्याकडे एकरी किती निघतो?" त्याचा त्या शेतात ९० बुशेल पडत होता. गव्हाचा बुशेल २७ किलोंचा, म्हणजे एकरी साडेचोवीस क्विंटल झाले. तेही पाण्याची एक पाळी न देता. हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ यांची ओल धरून ठेवणारी माती आहे, त्यावर सगळं निघतं. शरदात पेरलेला गहू ऑगस्टात निघतो, जवळजवळ दहा महिने रानात. आपला चार महिन्यांचा हिशोब ऐकून तो बराच वेळ मान हलवत होता.

माती काय आहे ते आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा त्रास तिचाच आहे. खाली बेसॉल्ट, आपल्यासारखाच काळा पाषाण. त्यावर वाऱ्याने लाखो वर्षं वाहून आणलेला बारीक पोयटा साचून या टेकड्या झाल्या. दगडाचा खडा सापडत नाही. सुकली की माती पिठासारखी होते आणि चाकाखाली नुसता फुफाटा उडतो. टेकड्यांचा आकारही सारखा नाही. दक्षिणेची अंगं लांब आणि बरी असतात, उत्तर आणि ईशान्येची अंगं एकदम उभ्या उताराची. रस्त्यावरून तुम्हाला बहुतेक बरी बाजूच दिसते.

आधी मालकाने मला हार्वेस्टरमध्ये घेतलं. चालकाशेजारी एक छोटी घडीची सीट असते. आम्ही उतारावर आडवे चालत होतो, म्हणजे टेकडीच्या कमरेभोवती, आणि मला काहीही जाणवत नव्हतं. पुढच्या खोबणीत पाण्याची बाटली होती, तिच्यातलं पाणी पाणसळीसारखं सपाट. समोर पाहिलं तर कापणीचा दांडा मात्र जमिनीच्या उताराबरोबर तिरका झालेला. इथले हार्वेस्टर खास डोंगरउताराचे असतात. एका बाजूची चाकं हायड्रॉलिकने वर घेतात, दुसरी खाली सोडतात आणि मशीनचं पोट सपाट राहतं. हे चालकाच्या सोयीसाठी केलेलं नाही, चाळण्यांसाठी आहे. चाळणी कलली की सगळा गहू एका बाजूला गोळा होतो, वारा नीट लागत नाही आणि दाणा कोंड्याबरोबर मागून बाहेर जातो. घोड्यांच्या काळात एकेका हार्वेस्टरला ३० हून जास्त घोडे किंवा खेचरं जुंपत, आणि मशीन सपाट ठेवायला एक माणूस सतत लिव्हरवर असे. हे आपोआप करणारी यंत्रणा १९४१ मध्ये याच टापूतल्या पलूस गावच्या रेमंड हॅन्सनने शोधली. मालकाने त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतलं.

तर हार्वेस्टरमध्ये बसून मला वाटलं, बस, एवढंच? लोक उगाच घाबरवतात. म्हणून मालकाने "ट्रॉलीवर बसायचंय का?" विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. ट्रॉलीचं काम सोपं, नुसतं हार्वेस्टरमधलं धान्य खालच्या ट्रकपर्यंत न्यायचं, असं मला टूरवाल्यानेही सांगितलं होतं. ते साफ चूक आहे.

ट्रॉली ७५० बुशेलची होती. पूर्ण भरली तर २० टन गहू. पुढे ट्रॅक्टर, चाकांऐवजी रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा. चालवणाऱ्या बाई मालकाची मोठी बहीण, साठी ओलांडलेल्या, जेमतेम चार शब्द बोलणाऱ्या. बसल्याबरोबर त्यांनी सीटबेल्ट लावायला लावला आणि म्हणाल्या, "धान्य घेताना माझ्याशी बोलू नका."

ट्रॅक्टरला ती सपाट ठेवणारी यंत्रणा नाही. ईशान्येच्या अंगावर आम्ही आडवे वळलो आणि माझा खांदा दाराच्या काचेला जाऊन टेकला. इथेही पाण्याची बाटली होती, तीच कंपनी, तसाच आकार. पाणी एका बाजूला झाकणाच्या जवळ आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ बुडाशी. मघाशी याच टेकडीवर, याच उतारावर, मी आरामात बसलो होतो! उतार तोच होता. हार्वेस्टरने तो माझ्यापासून लपवून ठेवला होता.

खरा कस चालत्या हार्वेस्टरमधून धान्य घेताना लागतो. धान्याचा पाइप हार्वेस्टरच्या डाव्या अंगाला असतो. त्यामुळे एका दिशेने जाताना ट्रॉली चढाच्या बाजूला येते आणि परत येताना उताराच्या. चढाच्या बाजूला गेलात तर जमीन वर आल्यामुळे ट्रॉलीची कड पाइपला लागते. म्हणून बाई तो अख्खा फेरा थांबल्या. हार्वेस्टर वळून आला तेव्हा त्या उताराच्या बाजूने त्याच्या शेजारी गेल्या. आता माझ्या डोक्याच्या वर, अगदी चार-पाच मीटरवर, ते अवजड धूड, त्याच्या टाकीत ३०० बुशेल म्हणजे आठ टनांवर गहू, आणि आम्ही त्याच्या खाली. पाइप इतका उंच राहतो की गव्हाची धार वाऱ्याने हेलकावे खाते. बाईंची नजर एकदा धारेवर, एकदा पुढच्या वाटेवर, पुन्हा धारेवर. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरच्या दांड्यावर. सव्वादोन मिनिटं. मी घड्याळ पाहिलं म्हणून माहीत आहे. मला विचारलं असतं तर पंधरा सांगितली असती.

त्याहून वाईट पुढचं. ट्रक खाली घळीच्या तोंडाशी. भरलेली ट्रॉली घेऊन सरळ खाली उतरायचं. धसकटांवरचं सुकं काड तेल ओतल्यासारखं गुळगुळीत असतं आणि त्याखाली फुफाटा. मागून आठ टन धान्य आणि ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरला ढकलतं. जोडाच्या पिनेचा 'खाट' असा आवाज पाठीच्या कण्यात ऐकू येतो. बाईंनी ब्रेकला पाय लावला नाही. वरच खालच्या गिअरमध्ये टाकलं आणि नाक पायथ्याकडे सरळ धरून आणलं. मध्ये तिरकं झालं तर मागची ट्रॉली बाजूने पुढे येते आणि ट्रॅक्टरला दुमडते, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. म्हणूनच या अंगावर त्या ट्रॉली पूर्ण भरत नाहीत, एक टाकी घेतली की खाली. बऱ्या बाजूला दोन-दोन टाक्या घेतात. खाली सपाटीला आल्यावर मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाल्या, "ओल असली की वाटते." बस.

मी अजून सात फेऱ्या बसलो. चौथ्यानंतर पोटातला गोळा गेला आणि नंतर इतकं आवडलं की संध्याकाळी उतरवेना. ऊन कललं की प्रत्येक टेकडीची एक बाजू सोन्याची आणि एक काळी होते. आठच्या पुढे सूर्य बुडतो, तोवर काम चालू असतं.

तर माझा सल्ला. बोलावणं मिळालं तर आधी ट्रॉलीवर बसा, मग हार्वेस्टरमध्ये. उलटं केलं तर हार्वेस्टरच्या यंत्रणेची किंमत कळत नाही. पाठीचा त्रास असेल, किंवा घाटात गाडी लागत असेल, तर ट्रॉली नकोच. धान्य घेताना फोन खिशात ठेवा. काचेतून काढलेल्या व्हिडिओत उतार सपाटच दिसतो, मी सगळे पुसून टाकले. लहान मुलांना अजिबात बसवू नका, मालक हो म्हणाला तरी.

फुल पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. सँडल घालून आलेल्या माझ्या मित्राच्या तळव्याला धसकट लागलं आणि त्याचा दुसरा दिवस गाडीत गेला. तोंडावर मास्क, डोळ्यांना बंद कडांचा चष्मा. हा पोयटा इतका बारीक आहे की घशात दोन दिवस राहतो.

आगीबद्दल कुणी मला आधी बोललं नव्हतं, म्हणून मी ठासून सांगतो. गाडी सुक्या गवतावर किंवा धसकटावर कधीही उभी करू नका, गरम सायलेन्सरने पेट घेतो. ७ सप्टेंबर २०२० ला याच काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) मॉल्डन नावाचं छोटं गाव वाऱ्यावर आलेल्या आगीत जवळजवळ पूर्ण जळालं. आम्ही होतो त्या शेताच्या कडेला पाण्याचा टँकर आणि डिस्क (तव्यांचा नांगर) जोडलेला एक ट्रॅक्टर दिवसभर तयार उभा होता. आग लागलीच तर भोवतीची जमीन उलटून पट्टा काढायचा. जोराच्या वाऱ्याच्या आणि कोरड्या दिवशी लोक कापणीच थांबवतात. अशा दिवशी शेतावर जाऊन परवानगी मागू नका, सगळ्यांचं लक्ष आकाशाकडे असतं.

गाडी भाड्याची असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्यांवर विमा चालत नाही असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. आमच्या काचेवर खडीचा एक टवका उडाला आणि त्याचे वेगळे पैसे लागले. नकाशाचं ॲप जवळचा म्हणून मातीचे रस्ते दाखवतं. पुढे 'हिवाळ्यात देखभाल नाही' अशी पाटी दिसली की मागे फिरा. खोलगटात फोनला रेंज नसते आणि समोरून धान्याचा ट्रक आला तर मागे तुम्हालाच जायचंय. भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा निघत नाही.

बाकीचे दोन दिवस स्टेपटो ब्यूट नावाची टेकडी आणि पलूस धबधबा पाहिला. दोन्ही छान, दोन्ही सोपे. दोन्ही राज्य उद्यानं आहेत, गाडीचा एका दिवसाचा पास १० डॉलरचा. स्टेपटोवर सकाळी जा, धबधब्याला दुपार टाळा.

निघताना मालकाने गव्हाची एक छोटी पिशवी दिली. मऊ पांढरा गहू, केक-बिस्किटांना आणि नूडल्सना चालणारा. त्याचा बराचसा माल स्नेक नदीवरून बार्जने पोर्टलंडला आणि तिथून आशियात जातो. विमानात कच्चं धान्य नेण्याचे नियम कडक असतात, म्हणून पिशवी पुलमनमधल्या ओळखीच्या घरी ठेवली. पुढच्या वर्षी ऑगस्टात परत जाणार आहे. बाईंनी सांगितलंय, तोवर गिअर कधी टाकायचा ते शिकून या.