कंदिलाला पीळ पडतो तेव्हा

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी एका सोसायटीचे काका टेम्पोतून नऊ आकाशकंदील घेऊन कारखान्यात आले. आमच्याकडचे नव्हते, दुसरीकडून घेतलेले. सगळे एका मापाचे, बांबूच्या कामट्यांचे, जुन्या पद्धतीचे चौकोन-त्रिकोणाचे कंदील. नवांपैकी आठ पिळवटले होते. वरचा चौकोन एका दिशेला लांबट झालेला आणि खालचा बरोबर त्याच्या आडव्या दिशेला. विकणाऱ्याने पावसावर ढकललं होतं: परतीच्या सरींनी बांबू ओलावला, कामट्या वाकल्या. काका म्हणाले, "ताई, कामट्या जाड घालून द्या. खर्चाचं आम्ही बघतो."

जाड कामटी हा आमच्या धंद्यातला सगळ्यात आवडता आणि सगळ्यात आळशी उपाय आहे. काही बिघडलं की जाडी वाढवायची, वजन वाढवायचं आणि भावही वाढवायचा. म्हणून आधी कंदील टेबलावर ठेवून नीट पाहिले.

हा सांगाडा कसा उभा राहतो ते माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सारख्या लांबीच्या 24 कामट्या लागतात. या कंदिलांची कामटी 30 सेंटिमीटरची होती. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यातले चार टोकावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधून गोल फेर करायचा. पाचवा चौकोन या चौघांच्या वरच्या टोकांवर आडवा बसतो, सहावा खालच्या टोकांवर. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी एकही कामटी वेगळी लागत नाही. तयार सांगाडा साधारण 42 सेंटिमीटर उंच आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 60 सेंटिमीटर रुंद होतो. बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण कागदाने मढवायचे. वरचा चौकोन टांगण्यासाठी आणि खालचा बल्ब बसवण्यासाठी उघडा राहतो.

त्रिकोण स्वतःच घट्ट असतो, तीन बाजू ठरल्या की तो हलत नाही. चौकोनाचं तसं नाही. चारही बाजू तेवढ्याच राहून तो दाबला की शंकरपाळ्यासारखा होतो. बाजूच्या चौकोनांना ताणून बसलेला कागद धरून ठेवतो. उघड्या दोघांना धरणारं कोणी नसतं.

काकांच्या कंदिलांवर बाजूच्या कागदाला एकही सुरकुती नव्हती. म्हणजे ते चौकोन जागचे हलले नव्हते, फक्त आपापल्या आडव्या कर्णाभोवती कलले होते, समोरासमोरचे दोन वरून बाहेर आणि उरलेले दोन वरून आत. टांगायचे दोर सोडले आणि वरच्या चौकोनाचे लांब गेलेले कोपरे दोन तळहातांत धरून हळूच दाबले. वरचा चौकोन सरळ झाला आणि त्याच्याबरोबर खालचाही, त्याला हात न लावता. एका कंदिलाची वरची कामटी सोडवून फरशीवर ठेवली, ती ओळंब्यासारखी सरळ. बांबूचा काही दोष नव्हता. पाऊस तर लांबच राहिला.

दोष दोन ठिकाणी होता. पहिला, बल्बच्या होल्डरची आडवी काठी. वरच्या चौकोनाच्या एका बाजूच्या मध्यापासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत ती बांधली होती. दिसायला मजबूत, पण चौकोनाचा शंकरपाळा झाला तरी समोरासमोरच्या मध्यांतलं अंतर तेवढंच राहतं, त्यामुळे ही काठी काहीच अडवत नाही. बदलतो तो कर्ण. दुसरा दोष टांगण्यात. दोर दोनच, समोरासमोरच्या कोपऱ्यांना, आणि तेही आखूड. आखूड दोर जास्त तिरका बसतो आणि कोपऱ्यांना वर ओढतो त्याहून जास्त आत ओढतो. कंदील जितका जड, तितकी ही ओढ मोठी. म्हणजे काकांनी मागितलेल्या जाड कामट्या घातल्या असत्या, तर पीळ आणखी लवकर पडला असता.

दुरुस्ती तशी थोडकी आहे. वरच्या चौकोनाला कोपरा ते कोपरा काठी. 30 सेंटिमीटरच्या बाजूला कर्ण 42.4 भरतो, म्हणून 44 ची कापायची आणि दोन्ही टोकांना खाच घ्यायची, म्हणजे गाठ सरकत नाही. पीळ थांबवायला एक कर्ण पुरतो. दुसरा घालायचा तो होल्डर बरोबर मध्यावर लटकावा आणि भार चारही कोपऱ्यांवर सारखा पडावा म्हणून. खाली काहीच बांधायचं नाही, बल्ब बदलायला हात तिथूनच जातो. वरचा चौकोन पक्का झाला की बाजूचे चौकोन कलू शकत नाहीत, त्यामुळे खालचाही जागेवर राहतो. दोर चार, चारही कोपऱ्यांना, आणि प्रत्येक किमान बाजूइतका लांब.

गाठीला सुती दोरा. नायलॉनचा कामटीवरून घसरतो. आधी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तीन वेढे, मग दोन कामट्यांच्या मधून आवळून दोन, आणि वर खळीचं बोट. खळ आम्ही घरीच करतो: 50 ग्रॅम मैदा, 400 मिलिलिटर पाणी, चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). मोरचुदाने कीड लागत नाही, पण ते विषारी आहे, भांडं कायमचं वेगळं ठेवायचं. कामटीची हिरवी पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर खळ धरत नाही. कागद चिकटवायच्या आधी तिच्यावरून पॉलिश पेपर फिरवावा लागतो. या कंदिलांवर तो फिरवलेला नव्हता, काठी बदलताना कडेचा कागद नुसत्या नखाने निघाला. बाहेरून झिरमिळ्या आणि सोनेरी पट्टी मात्र भरपूर. गिऱ्हाईक फोटो बघून कंदील घेतं आणि फोटोत वरची काठी दिसत नाही. म्हणून ती काठी कशीही बांधली जाते. याचा मला खरोखर राग येतो. एका कंदिलामागे दोन काठ्यांचा खर्च कितीसा असतो!

काकांना हे पटवणं दुरुस्तीपेक्षा अवघड गेलं. "नुसत्या काठीने कसं होईल?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी एक दुरुस्त आणि एक नादुरुस्त कंदील शेजारी शेजारी टांगले आणि दोन्हींत होल्डरच्या जागी किलोचं माप अडकवलं. नादुरुस्त कंदील त्यांच्या डोळ्यांदेखत कलला. मग जाड कामट्यांचा विषय निघाला नाही.

राहिला नववा. तोही त्याच विकणाऱ्याचा. काठी तशीच मध्यापासून मध्यापर्यंत, दोर तसेच दोन आणि आखूड. हाताने दाबला तर बाकीच्यांसारखाच झुकतो. तरी इतके दिवस टांगून सरळ राहिला. वारा लागला नसेल म्हणावं, तर तो जिन्यात होता, पण जिन्यातलाच दुसरा एक पिळवटला होता. गाठी तपासल्या, बाकीच्यांपेक्षा घट्ट नाहीत. कागद तोच, वजनही जवळपास तेवढंच.

आठांना काठ्या घातल्या. नववा मी काही न करता परत दिला. काकांना सांगितलंय, हा यंदा गेटवर वाऱ्यात टांगा आणि तुळशीचं लग्न झालं की जसा असेल तसा माझ्याकडे आणा.