तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीनं झोप येत नाही का?

चिंतेसाठी गोळ्या घेते हे मी लपवत नाही. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, ‘दिवसभर झोप येत नाही का गं? मग काम कसं करतेस?’

यायची. पहिल्याच आठवड्यात ईमेल लिहिता लिहिता डोळा लागला. दचकून जागी झाले तर स्क्रीनवर अर्धं पान नुसतं ‘लललललल’, आणि बोट कीबोर्डवर तसंच टेकलेलं. पाठवला नव्हता, एवढंच नशीब.

मला दोन गोळ्या होत्या. सकाळी एस्सिटालोप्राम, जिचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तोवर आधाराला रात्री क्लोनाझेपाम. मी सगळं खापर सकाळच्या गोळीवर फोडत होते. डॉक्टरांनी वही ठेवायला लावली: गोळी किती वाजता, झापड किती वाजता. वही बघून ते म्हणाले, रात्रीची गोळी शरीरात निम्मी व्हायलाच 30 ते 40 तास लागतात. म्हणजे आजची उतरायच्या आत उद्याची तिच्यावर चढतेय! मग त्यांनीच ती टप्प्याटप्प्यानं कमी करत बंद केली आणि एस्सिटालोप्राम रात्रीवर नेली. काहींची झोप तिनं उलट उडते, त्यांना ती सकाळीच बरी. म्हणून माझी वेळ उचलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तरी एक दिवस पुन्हा तसंच गुंगल्यासारखं झालं. वही चाळली, तर आदल्या संध्याकाळी सर्दीची गोळी घेतलेली. त्यातल्या क्लोरफेनिरामिननं एरवीही पेंग येतेच, इथं तर भर पडली. दारूचंही तेच. आणि गाडी? ते दिवस सरेपर्यंत मी किल्लीला हात लावला नाही.

मध्ये एकदा शहाणपणा केला. झोपेला कंटाळून एस्सिटालोप्राम परस्पर थांबवली. तीन दिवसांत चक्कर, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं. डॉक्टर रागावले नाहीत, पण क्लोनाझेपाम अशी एकदम सोडली असतीस तर फिटही येऊ शकली असती, हे त्यांनी ज्या शांतपणे सांगितलं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

आता वर्ष झालं. दुपारी तीनला डोळे अजूनही जड होतात. वहीत त्या रकान्यात मी हल्ली ‘जेवण’ लिहिते.